वर्षअखेरचे भूगोल-प्रकल्प : विहीर, बांध आणि बाजार

शालेय वर्ष संपत आले, की सहावी ते आठवीच्या वर्गांतून भूगोलाच्या प्रकल्पांची लगबग सुरू होते. दुकानातून रंगीत चित्रे आणली जातात, ती पुठ्ठ्यावर चिकटविली जातात आणि पुस्तकातील मजकूर सुवाच्य अक्षरांत उतरविला जातो. असे तक्ते भिंतीवर शोभून दिसतात. परंतु ते करताना विद्यार्थ्याने कोणतीही गोष्ट स्वतः पाहिलेली वा मोजलेली नसते. भूगोल हा मुळात पाहण्याचा व मोजण्याचा विषय आहे. यास्तव प्रकल्पाची निवड करताना शिक्षकांनी दोन प्रश्न विचारावेत. यातील नोंदी विद्यार्थ्याने स्वतः मिळविल्या आहेत काय? आणि त्या दुसऱ्या कोणास पुन्हा पडताळून पाहता येतील काय? या दोन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळाले, तर तो प्रकल्प गुणांपुरता न राहता गावाच्याही उपयोगी पडतो.

या दृष्टीने गोव्यातील शाळा भाग्यवान आहेत. 3,702 चौरस किलोमीटरच्या या लहानशा प्रदेशात सह्याद्रीचे घाट, जांभ्या दगडाची पठारे, भरती-ओहोटीच्या नद्या आणि समुद्रकिनारा हे सर्व एकमेकांच्या निकट आहे. येथील शेतकरी आपल्या जमिनीचे खाजन, खेर व मरड असे भेद पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. नदीकाठची सखल, खारट जमीन ती खाजन. रेताड जमीन ती खेर. आणि उंचावरील जमीन ती मरड. आपल्या गावात यांपैकी कोणत्या जमिनी आहेत, हे एका साध्या नकाशावर दाखविणे ही प्रत्येक प्रकल्पाची पहिली पायरी समजावी. त्यानंतर पुढील चार विषयांपैकी एक निवडावा.

1. विहिरीच्या पाण्याची पातळी

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक विहिरींचे पाणी तळाला जाते. हा विरोधाभास मुलांना ठाऊक असतो. त्याचे कारण मात्र त्यांनी शोधलेले नसते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी त्यात लवकर मुरते आणि उताराच्या दिशेने तितक्याच लवकर निघूनही जाते.

प्रकल्पासाठी वाड्यावरील चार ते सहा विहिरी निवडाव्यात. एका दोरीला वजन बांधून तिच्यावर दर 10 सेंटिमीटरला खूण करावी. कठड्याच्या माथ्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून कठड्याची उंची वजा करावी. मापन सकाळी, पाणी उपसण्यास आरंभ होण्यापूर्वी, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या जागेवरूनच घ्यावे. जानेवारीपासून मार्चपर्यंत आठवड्यातून एकदा मापन केल्यास आलेख काढण्यापुरत्या नोंदी सहज जमतात. केंद्रीय भूजल मंडळही आपल्या निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ज्या कामासाठी शासन यंत्रणा राबविते, तेच काम आपण लहान प्रमाणावर करीत आहोत, ही जाणीव विद्यार्थ्यांस उत्साह देते.

गणिताचाही येथे उपयोग होतो. 3 मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पातळी 1 मीटरने उतरली, तर विहिरीतील साठा सुमारे 7,000 लिटरने कमी झाला असे समजावे. तेवढ्याच काळात झऱ्यांतून काही पाणी आत आले असल्यास प्रत्यक्ष उपसा याहून अधिक असतो, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. डोंगराच्या पायथ्याची विहीर आणि पठारावरील विहीर यांच्या आलेखांत पडणारा फरक हा या प्रकल्पाचा खरा निष्कर्ष होय. अशा नोंदी प्रतिवर्षी त्याच विहिरींच्या ठेवल्या गेल्या, तर चार-पाच वर्षांनी कोणत्या वाड्यास टंचाई प्रथम जाणवते, हे पंचायतीस अंदाजाने नव्हे तर आकड्यांनी सांगता येईल.

2. खाजन, बांध आणि मानस

मांडवी, झुवारी व इतर नद्यांच्या काठच्या गावांना यासारखा दुसरा विषय नाही. गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर जमीन खाजन म्हणून गणली जाते. भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून ती चिखल, पेंढा व जांभा दगड यांच्या बांधांनी राखलेली आहे. पाण्याची ये-जा ज्या दारातून होते, त्यास मानस म्हणतात. मानशीच्या लाकडी झडपा पाण्याच्याच दाबाने चालतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की त्या मिटतात, आणि ओहोटीच्या वेळी आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. इंजिन वा वीज यांवाचून चालणारी ही व्यवस्था विज्ञानाच्या पुस्तकातील दाबाचा धडा प्रत्यक्ष दाखविते.

विद्यार्थ्यांनी प्रथम भरती-ओहोटीचे निरीक्षण करावे. धक्क्याच्या खांबावरील पाण्याची उंची दर तासाला टिपून त्याचा आलेख काढावा. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. हे दोन दिवसांच्या नोंदींवरून पडताळून पाहता येते. त्यानंतर बांधाचा नकाशा तयार करावा. बांधाची लांबी पावलांनी मोजून ती मीटरमध्ये लिहावी. मानस कोठे आहे, पाणी कोठे झिरपते, खेकड्यांनी बिळे कोठे केली आहेत, काठाला खारफुटी कोठे आहे व कोठे नाही, हे चिन्हांनी दाखवावे. खारफुटी लाटांचा मारा अडवून बांधाचे रक्षण करते, तर खेकड्यांची बिळे बांध पोखरतात. नकाशावर या दोन खुणा शेजारी शेजारी आल्या, की बांधाचा दुबळा भाग आपोआप ध्यानी येतो.

प्रकल्पाचा दुसरा भाग वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणींचा असावा. बांधांची देखभाल पूर्वी गावकरी संस्था व शेतकऱ्यांचे 'बौस' पाहत असत. 1964 च्या कूळ कायद्यानंतर आणि त्याखालील 1975 च्या नियमांनंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. बांध फुटला तर रात्री-अपरात्री कोण धावून जात असे? दुरुस्तीचा खर्च कसा वाटला जात असे? खारटपणा सोसणारे कोरगुट भात गावात अद्याप कोण पेरतो? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. ती ज्यांच्या स्मरणात आहेत, ती माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. बांध एकदा फुटून शेतात खारे पाणी शिरले, तर नेहमीचे भात तेथे येत नाही. पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन जाईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि लगतच्या विहिरींनाही खारटपणा येऊ शकतो. म्हणून या आठवणी लिहून ठेवण्याचे काम केवळ शालेय नाही. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावाची जी लोक-जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते, तिच्या समितीस भाताचे वाण व मासळी यांविषयीच्या या नोंदी अवश्य दाखवाव्यात.

हे काम ओहोटीच्या वेळी, शिक्षक आणि बांधाची माहिती असलेला एक प्रौढ शेतकरी यांच्या सोबतीनेच करावे. मानशीवर वा तिच्या प्रवाहाजवळ मुलांना जाऊ देऊ नये.

3. पावसाची नोंद आणि छपरावरचे पाणी

या प्रकल्पाचा शेवट मार्चमध्ये होत असला, तरी आरंभ पावसाळ्यातच व्हावयास हवा. सरळ बाजूंचे व सपाट बुडाचे भांडे झाडे व छपरे यांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावे आणि त्यात साचलेल्या पाण्याची उंची दररोज सकाळी साडेआठ वाजता मोजावी. भारतीय हवामान खात्याची पर्जन्य-नोंदही याच वेळी होते. ज्या दिवशी 2.5 मिलिमीटर वा अधिक पाऊस पडतो, तो पावसाचा दिवस मानला जातो. वर्षअखेरीस महिन्यागणिक बेरीज करून स्तंभालेख काढावा.

1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 1 लिटर पाणी मिळते. या हिशेबाने 50 चौरस मीटरच्या छपरावर 3,000 मिलिमीटर पावसात दीड लाख लिटर पाणी पडते. शाळेचे छप्पर मोजून हाच हिशेब केला व तो विहिरीच्या आलेखाशेजारी मांडला, तर पावसाचे पाणी जिरविण्याचा प्रश्न मुलांस निराळा शिकवावा लागत नाही.

4. बाजारातील माल कोठून येतो?

ज्या शाळांना नदी वा खाजन जवळ नाही, त्यांनी आठवड्याचा बाजार निवडावा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सर्वांस परिचित आहे. दहा वस्तू निवडून प्रत्येकीचे मूळ गाव, वाहन, मार्ग व भाव विचारावा आणि नकाशावर बाणांनी दाखवावा. गोव्याच्या बाजारात बेळगाव भागातून भाजी येते. तिचा ट्रक चोर्ला घाटाने आला की अनमोड घाटाने, हे विचारताच सह्याद्रीतील घाटमार्गांचे महत्त्व स्पष्ट होते. सीमेपलीकडील शाळांनी हाच प्रकल्प उलट दिशेने, म्हणजे माल कोठे जातो असा करावा. सत्तरी, सांगे यांसारख्या डोंगराळ भागात कुळागरातील पाटाच्या पाण्याची वाट व तेथील पिके यांचाही अभ्यास करता येईल.

कार्यपद्धती व मूल्यमापन

पाच-सहा विद्यार्थ्यांचा एक गट करावा. मोजणारा, लिहिणारा, नकाशा काढणारा व विचारणारा अशी कामे आळीपाळीने द्यावीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना 10 दिवसांची शिफारस आहे. त्या दिवसांत गावातील शेतकरी व कारागीर यांच्यासमवेत काम करताना अशा निरीक्षणांनाही जागा करता येईल. गुण देताना सजावटीस कमी महत्त्व द्यावे. 50 गुण असल्यास नोंदवहीस 20, नकाशा व आलेख यांस 15, निष्कर्षास 10 आणि तोंडी उत्तरांस 5 अशी विभागणी सोयीची ठरेल. नोंदवहीत तारीख, वेळ व जागा नसल्यास ते मापन ग्राह्य धरू नये. चुकलेले मापन खोडून न टाकता त्यावर एक रेघ मारून शेजारी नवे लिहावे, ही सवय याच वयात लागते.

पूर्ण झालेल्या प्रकल्पाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी व दुसरी पंचायतीस द्यावी. पंचायतीनेही ती कपाटात न ठेवता ग्रामसभेत मुलांकडून वाचवून घ्यावी. ग्रामस्थांनी त्यातील चूक दाखविली, तर ती दुरुस्त करण्याचे काम पुढील वर्षीच्या वर्गाकडे सोपवावे. त्याच विहिरी, तोच बांध व तोच बाजार दरवर्षी नव्या मुलांनी मोजत राहिल्यास गावाजवळ स्वतःची अशी नोंद तयार होईल, आणि तिच्यासाठी दोरी, मोजपट्टी व वही यांपलीकडे खर्च येणार नाही.