सुरतला जातेस, तर आधी एवढं ऐक

बाई, पाहुण्यांचं ठरलंय म्हणतेस, दिवाळी झाली की सुरत. जा. उधना, लिंबायत, पांडेसरा, जिथे खोली घ्याल तिथे शेजारी खानदेशातलंच कुणीतरी निघेल. बोलीची, चवीची चिंता नको. मला चिंता कागदाची आहे.

आपल्या वरणगावात फॅक्टरी म्हटलं की आयुध निर्माणी. नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, पीएफ, सगळं न मागता मिळणार. तेच डोळ्यासमोर ठेवून सुरतला जाऊ नका. लूमवर दिराच्या शब्दावर काम लागतं आणि सेठच्या शब्दावर सुटतं.

परराज्यात कामाला जाणाऱ्यांसाठी १९७९ चा कायदा होता, पण तो ठेकेदाराने नेलेल्या मजुरांपुरता. आपली माणसं कुठे ठेकेदारामागे गेली? मामा गेला, त्याने भाच्याला बोलावलं, भाच्याने मेव्हण्याला. म्हणजे कायदा होता, पण आपल्यासाठी नव्हताच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत आपल्या पायांनी गेलेला माणूसही धरलाय, महिन्याचा पगार १८ हजारांच्या आत असेल तर. परराज्यातले दहा किंवा जास्त कामगार जिथे आहेत, तिथल्या मालकाने वर्षाकाठी गावी जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं आहे. सेठ आपणहून हातावर ठेवील असं मला मुळीच वाटत नाही. पण मागायचं तर आपण तिथे कामाला आहोत हे आधी दाखवता आलं पाहिजे ना? म्हणून पाहुण्यांना पहिल्याच आठवड्यात नेमणुकीचं पत्र मागायला लाव. टाळाटाळ झाली तर पगार बँकेतच घ्या, हजेरीकार्डाचा फोटो काढून ठेवा.

ईएसआयचा पाऊण टक्का कापला तर कुरकुर करू नका, त्यात तुझी नि पोरांची दवाखान्याची सोय आहे. फॉर्मवर तुमची नावं घातलीत का, तेवढं डोळ्याने बघ. आणि खोलीच्या डिपॉझिटसाठी सेठकडून मोठी उचल नको. ‘फिटेपर्यंत काम सोडायचं नाही’ असं कुणी म्हणालं तर ती वेठबिगारी झाली. १९७६ पासून तो गुन्हा आहे.

आता तुझं. तू घरी बसून साड्यांना स्टोन लावशील, धागे कापशील, नगावर पैसे घेशील. या कामाला ना हजेरी, ना पत्र. वर सांगितलेलं भाडं-बिडं यात काही नाही, आणि मला खरा राग याचाच येतो, कारण सुरतेच्या साडीची चमक अशाच खोल्यांतून निघते. तू निदान ई-श्रमवर नाव नोंदव. पाहुण्यांचा पीएफ-ईएसआय सुरू झाला तर त्यांना ते कार्ड चालत नाही, तुला चालतं. आणि एक वही ठेव: तारीख, किती साड्या नेल्या, किती दिल्या, काय भाव ठरला. माल न्यायला येणाऱ्या माणसाची त्यावर सही घे. तो हसेल. हसू दे.

रेशनकार्ड सासूबाईंकडे ठेवून जा, पण नंबर लिहून घे आणि निघायच्या आधी सगळ्यांचं ई-केवायसी उरकून टाक. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायची सुरुवात ज्या दोन जोड्यांपासून झाली, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरातचीच, ९ ऑगस्ट २०१९ ला. नवापूर स्टेशनात गाडी अर्धी महाराष्ट्रात नि अर्धी गुजरातमध्ये उभी असते, तसं धान्यही वाटून घेता येतं: तुमच्या वाट्याचं लिंबायतला अंगठा लावून तू उचल, उरलेलं सासूबाई इथे उचलतील. दुकानदार ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हणाला तर तिथल्या तिथे मला फोन लाव, त्याच्याशी मी बोलते. दुपारी दोननंतर लाव मात्र, त्याआधी मी शाळेत असते.