नव्या शहरात ओळखी: स्वामी विवेकानंदांच्या १८९३ च्या प्रवासातून एक पाठ



दरवर्षी जून-जुलैमध्ये आपल्या केंद्रांतून कितीतरी तरुण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जातात. कोणी जळगावहून अहमदाबादला, कोणी नांदेडहून हैदराबादला, कोणी बेळगावहून बेंगळुरूला. तिथे पोहोचल्यावर प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: "ओळखी वाढव." साधक नेमका इथेच अडखळतो. कामासाठी ओळख करायची म्हणजे माणसाचा वापर करणे नाही का? आपण निष्काम कर्माचा अभ्यास करतो, मग कोणाकडे काम मागणे त्यात कसे बसते? युवा अभ्यासवर्गात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून आजचा पाठ यावरच घेतला आहे.

शिकागोच्या सर्वधर्म परिषदेतले स्वामी विवेकानंदांचे भाषण आपल्या सर्वांना माहीत आहे. ११ सप्टेंबर १८९३ ही तारीखही पाठ असते. पण त्याच्या आधीचे सहा आठवडे आपण घाईने वाचून पुढे जातो. आजचा अभ्यास त्या सहा आठवड्यांचा आहे.

स्वामीजी ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून बोटीने निघाले आणि जुलैच्या अखेरीस शिकागोला पोहोचले. तिथे त्यांना तीन गोष्टी कळल्या. परिषद सप्टेंबरमध्ये आहे. अधिकृत संस्थेच्या परिचयपत्राशिवाय प्रतिनिधी म्हणून घेत नाहीत. आणि नाव नोंदवण्याची मुदतही संपली आहे. मद्रासच्या शिष्यांनी दारोदार फिरून जमवलेले पैसे भराभर संपत होते. शहर महाग, अंगावर थंडीचे पुरेसे कपडे नाहीत, आणि ओळखीचे कोणी नाही. घर सोडून परगावी पीजीमध्ये राहायला गेलेल्या कोणालाही ही अवस्था थोडीफार कळेल.

रेल्वेप्रवासात त्यांची केट सॅनबॉर्न नावाच्या एका लेखिकेशी गाठ पडली होती. बोस्टन शिकागोपेक्षा स्वस्त म्हणून स्वामीजी तिकडे गेले आणि जवळच्या मेटकाफ गावी या बाईंच्या घरी राहिले. २० ऑगस्टला त्यांनी मद्रासच्या आळसिंगा पेरुमल यांना पत्र लिहिले. त्यात ते मोकळेपणाने सांगतात की इथे राहिल्याने माझा रोजचा एक पौंड वाचतो, आणि या बाईंना आपल्या मित्रमंडळींना भारतातून आलेली एक अजब चीज दाखवता येते. हे पत्र मला फार आवडते. आपल्याकडे कुतूहलाची वस्तू म्हणून पाहिले जाते आहे हे त्यांना समजत होते. त्यांनी त्यावर रुसवा धरला नाही आणि आपली गरजही लपवली नाही.

त्या घरी येणाऱ्या लोकांमुळे त्यांची हार्वर्ड विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांच्याशी ओळख झाली. राइट यांनी त्यांना ॲनिस्क्वाम या समुद्रकाठच्या गावी बोलावले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथे दोघांचा निवांत सहवास झाला, तासन् तास बोलणे झाले. त्यानंतर राइट यांनी परिषदेच्या कार्यकर्त्यांना पत्र लिहिले, शिकागोचे तिकीटही काढून दिले. म्हणजे एक सहप्रवासी, तिच्या घरची ये-जा, एक प्राध्यापक आणि शेवटी परिषदेची समिती. यातला एकही माणूस "हा उपयोगी पडेल" म्हणून हेरलेला नव्हता. आणि शिफारस मिळाली ती स्वामीजींना जवळून पाहिलेल्या, त्यांच्याशी बोललेल्या माणसाकडून.

इथे गोष्ट सुखाने संपत नाही. शिकागोला पोहोचल्यावर समितीचा पत्ताच हरवला. ती रात्र स्वामीजींनी रेल्वेच्या मालधक्क्यावर काढली. सकाळी दारोदार मदत मागितली, काही घरांतून हाकलले गेले, आणि थकून ते रस्त्याच्या कडेला बसले. समोरच्या घरातून मिसेस हेल बाहेर आल्या आणि तुम्ही परिषदेचे प्रतिनिधी आहात का, असे त्यांनी विचारले. त्यांनीच स्वामीजींना परिषदेच्या कार्यालयात नेले.

हा प्रसंग सांगताना आपण सहसा "ईश्वराने पाठवले" एवढेच म्हणतो. ते खरेच आहे. पण अभ्यास करताना हेही पाहायला हवे की स्वामीजी राइट यांचे पत्र खिशात ठेवून गप्प बसले नव्हते. ते दारे ठोठावत होते.

मागणे आणि वापरणे यातला फरक मला इथे दिसतो. ज्याला मागायचे आहे तो गरज उघड सांगतो आणि समोरच्याला "नाही" म्हणायची मोकळीक ठेवतो. वापरणारा मनातला हेतू झाकून आधी गोड बोलतो आणि काम झाल्यावर माणूस विसरतो. हेल कुटुंब आणि स्वामीजी यांचे नाते शेवटपर्यंत टिकले. मिसेस हेल यांना ते गमतीने 'मदर चर्च' म्हणत, त्यांच्या मुलींना वर्षानुवर्षे पत्रे लिहीत. राइट यांना ते 'अध्यापकजी' म्हणत. परिषद झाल्यावर २ ऑक्टोबरला त्यांनी राइट यांना पत्र लिहिले, आणि सुरुवातच इतके दिवस गप्प राहिल्याच्या संकोचाने केली. पत्राला उशीर त्यांच्याकडूनही झाला होता, हे वाचून मला जरा धीर आला.

माझी स्वतःची चूक इथे सांगितली पाहिजे. सीए इंटरमिजिएट झाल्यावर मी आर्टिकलशिप शोधायला अहमदाबादला आलो. आश्रम रोडवरच्या बऱ्याच ऑफिसांत बायोडेटा देऊन झाला, लिंक्डइनवर शंभरेक जणांना रिक्वेस्ट पाठवून झाल्या. उत्तर नाही. मग एका रविवारी केंद्रात आरती झाल्यावर मी माझा बायोडेटा सरळ केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत तो काढून टाकला गेला आणि ग्रुप सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला. मला वाटले आता बोलणी खावी लागणार. ते म्हणाले, "बेटा, ग्रुप फक्त सत्संगाच्या निरोपांसाठी आहे. पण तुला काम हवंय हे तू मला येऊन का नाही सांगितलंस? तीन रविवार माझ्या शेजारी बसतोयस."

खरेच होते. तीन रविवार मी त्यांचे नावही विचारले नव्हते.

पुढे उत्सवाच्या वेळी पुस्तकांच्या स्टॉलचा हिशेब ठेवण्याची सेवा माझ्याकडे आली. शेवटच्या दिवशी पावतीपुस्तक आणि वहीचा मेळ बसेना, ४५० रुपयांचा फरक. सोबतचे म्हणाले, आपण मिळून भरून टाकू. पण फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटसुलट लिहिले गेलेले असतात, हे कॉमर्सचा विद्यार्थी लवकर शिकतो. दुसऱ्या दिवशी जाऊन पावत्या पुन्हा तपासल्या. १,६१० च्या जागी १,१६० लिहिले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बेन तिथे पुस्तके बांधत होत्या. त्यांनी काही म्हटले नाही. महिन्याभराने त्यांनीच एका सीए साहेबांना फोन केला आणि माझ्याबद्दल फक्त तो हिशेब सांगितला. त्या साहेबांकडे जागा नव्हती. त्यांनी ज्यांच्याकडे पाठवले, तिथे काम मिळाले.

यावरून "सेवा करा म्हणजे नोकरी मिळेल" असा अर्थ कृपया काढू नये. तसे असते तर ती सेवा न राहता आगाऊ भरलेला हप्ता झाला असता. पण सेवेत, अभ्यासमंडळात, ऑफिसात, माणूस कसे काम करतो ते इतरांना दिसत असते. नुसत्या कार्डाने किंवा रिक्वेस्टने ते दिसत नाही. म्हणून आपल्या व्यवसायाच्या जागीही नियमित जावे. सीएच्या विद्यार्थ्यांसाठी इन्स्टिट्यूटच्या शाखांतून व्याख्याने आणि अभ्यासवर्ग होतात, तिथे मागच्या रांगेत बसून लगेच निघून येऊ नये. वक्त्याला एक खरा प्रश्न विचारावा. कोणाला निरोप पाठवाल तर चार ओळींत: मी कोण, तुमचे नाव कोणी दिले, मला नेमके काय हवे, तुमची किती मिनिटे. भगिनींनी अनोळखी व्यक्तीला ऑफिसच्या वेळेत आणि ऑफिसातच भेटावे.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे. सत्संगातल्या विश्वासावर गुंतवणूक योजना, साखळी व्यवसाय किंवा विमा विकू नये, कोणी विकू लागला तर नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. नोकरी लावून देण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस केंद्रातला असला तरी त्याला पैसे देऊ नयेत, आणि केंद्रप्रमुखांना कळवावे. "आपलाच माणूस" म्हणून गप्प राहिल्याने पुढच्याचे नुकसान होते.

मराठी साधकांसाठी आणखी एक प्रसंग. १८९२ मध्ये मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत लोकमान्य टिळकांच्या डब्यात एक संन्यासी चढले. पोहोचवायला आलेल्या गुजराती गृहस्थांनी टिळकांशी त्यांची ओळख करून दिली. ते आठ-दहा दिवस टिळकांच्या घरी राहिले. जवळ पैसा नव्हता, आणि नाव विचारले तर फक्त "संन्यासी" म्हणत. पुढे शिकागोची वार्ता आणि छायाचित्र पाहून टिळकांनी पत्राने विचारले की ते तुम्हीच का. होय, असे उत्तर आले. टिळकांनी घरात घेतले तेव्हा पाहुण्याचे नावही त्यांना ठाऊक नव्हते.

तसेच जमशेटजी टाटांचे. १८९३ मध्ये जपानहून अमेरिकेकडे जाताना ते आणि स्वामीजी सहप्रवासी होते. पाच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १८९८ रोजी, टाटांनी त्या प्रवासाची आठवण देत स्वामीजींना पत्र लिहिले आणि आपल्या नियोजित विज्ञानसंस्थेच्या कामी त्यांचे साहाय्य मागितले. बेंगळुरूची ती संस्था १९०९ मध्ये उभी राहिली, तेव्हा दोघेही हयात नव्हते.

या आठवड्याचा स्वाध्याय:

ज्यांनी कधी तुमचे नाव पुढे सांगितले आणि ज्यांना नंतर काय झाले ते तुम्ही कळवलेच नाही, अशी एक व्यक्ती आठवा. काम झाले नसले तरी आज त्यांना चार ओळी लिहा. उशीर झाला असेल तर पहिल्या ओळीत तेच लिहा.

जे साधक आपल्या शहरात स्थिरावले आहेत त्यांच्यासाठी: येत्या रविवारी केंद्रात जो तरुण किंवा तरुणी एकटी बसलेली दिसेल, तिला आपण होऊन नाव विचारा. काय शिकतेस, कुठे राहतेस, रात्रीच्या जेवणाची सोय काय, हेही विचारा.