श्रमनिद्रा: पळणाऱ्याने आईकडून काय शिकावं?

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 16 आणि 17



आजच्या श्लोकांत भगवंत अर्जुनाला अगदी रोजच्या गोष्टी सांगतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जाग मापात आहे, त्याचा योग दुःख दूर करतो.

आम्हा धाराशिवकरांसाठी नवरात्र म्हणजे पळणं. घटस्थापनेच्या वेळी गावोगावची मंडळं तुळजापूरला येऊन भवानीज्योत पेटवून घेतात. मग पोरं आळीपाळीने ती हातात धरून, बरीचशी अनवाणी, आपल्या गावापर्यंत पळत नेतात. कोजागरीला तर सोलापूरहून सुमारे 45 किलोमीटर चालत माणसांचा पूर येतो.

मला लांब पळायची गोडी या ज्योतीनेच लावली. मग टाइप-1 मधुमेह निघाला आणि चार नवरात्रं मी ज्योतीमागच्या टेम्पोत बसून काढली. भीती होती ती रस्त्यात साखर एकदम खाली जाण्याची. टोचून घेतलेलं इन्सुलिन पळताना आपोआप कमी होत नाही, आणि स्नायू तर साखर ओढत राहतात. पळणं संपल्यावरही कित्येक तास, कधी रात्री झोपेतसुद्धा साखर उतरू शकते.

परत पळायला लागलो ते या श्लोकांचा हात धरून.

पहिली गोष्ट खाण्याची. नऊ दिवस कडक उपवास, वर इन्सुलिन, वर पळणं, हे माझ्या शरीराला झेपणारं नाही. अजिबात न खाणाऱ्याला योग नाही, असं भगवंतच म्हणतात. म्हणून निघण्याआधी साखर तपासतो, खिशात ग्लुकोज ठेवतो, सोबतच्याला सांगून ठेवतो. डोस किती, ते डॉक्टर ठरवतात.

दुसरी गोष्ट पायांची. मधुमेहात पायाची जाणीव कमी झाली तर काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून मी बूट घालून पळतो. "देवीचं आहे, अनवाणीच पाहिजे," असं कोणी म्हणालं, तर हसून पुढे जातो. हे पायही तिनेच दिलेत, ते सांभाळणं ही तिचीच सेवा.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि इथे आपली आईच गुरू आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून पलंगावर निद्रेसाठी नेतात: नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. श्रमनिद्रा हा शब्दच बघा ना. महिषासुराशी लढून थकलेली जगदंबा विश्रांती घेते, आणि त्याला कोणी तिचा कमकुवतपणा म्हणत नाही. तिचे भक्त त्या निद्रेचीही पूजा करतात.

मग आजारी शरीराने एक दिवस विश्रांती मागितली, तर आपल्याला लाज का वाटावी? पूर्वी मी पळायचो ते पुढच्याला गाठायला. आता दोन किलोमीटर पळतो, एक चालतो, पुन्हा पळतो. श्वासाबरोबर नाम चालतं. काही दिवस साखर ऐकत नाही, त्या दिवशी बूट काढून ठेवतो आणि जप करत बसतो. तोही दिवस साधनेचाच.

आजचा अभ्यास: खाणं, हालचाल, काम, झोप. या चारांपैकी तुमचं माप कुठे चुकतंय? एकच निवडा आणि आजपुरतं सांभाळा. दमा असो, थायरॉइड असो की संधिवात, तुमचं माप वेगळं असेल. शेजाऱ्याचं माप उसनं घेऊ नका.

प्रार्थना: आई, जेवढं बळ देशील तेवढं तुझ्या वाटेवर खर्च होऊ दे. आणि थांबायची वेळ येईल तेव्हा तुझ्यासारखं निवांत निजता येऊ दे.

आई राजा उदो उदो!