तबकड्या वाजविणाऱ्यांचें मंडळ

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गास आम्हीं 'मी मोठेपणीं कोण होणार?' हा निबंध लिहावयास दिला होता. कोणी डॉक्टर, कोणी इंजिनियर, कोणी सैन्यांतील अधिकारी होण्याची इच्छा व्यक्त केली. एका विद्यार्थ्यानें मात्र 'मी डीजे होणार' असें लिहिलें. त्याचा निबंध शेवटपर्यंत न वाचतांच आम्हीं समासांत तांबड्या शाईनें 'हा व्यवसाय नव्हे, गोंगाट आहे' असा शेरा मारला. वही परत मिळाल्यावर तो मुलगा मधल्या सुटींत आमच्याकडे आला व नम्रपणें म्हणाला, "सर, डीजे हा माणूस असतो. आपण ज्याविषयीं लिहिलें आहे, तो लाउडस्पीकर होय." आम्ही निरुत्तर झालों. ज्या विषयाची आपणांस माहिती नाहीं त्यावर शेरा मारूं नये, असें वर्गांत सांगणारे आम्हीच! तेव्हां सुटीमध्यें या विषयाचा कांहीं अभ्यास केला. त्याचें सार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. 'डीजे' हीं 'डिस्क जॉकी' या दोन शब्दांचीं आद्याक्षरें होत. डिस्क म्हणजे गाण्याची तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरील स्वार. घोडा धांवतो, परंतु त्यास केव्हां आवरावें व केव्हां सोडावें हें स्वार ठरवितो. त्याचप्रमाणें गाणें तबकडींत असतें, परंतु कोणतें गाणें कोणत्या क्षणीं व कोणत्या गाण्यानंतर वाजवावें हें डीजे ठरवितो. आपल्या महाराष्ट्रांत या शब्दास निराळेंच वळण लागलें. वरातींत आणि मिरवणुकींत गाडीवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीसच लोक 'डीजे' म्हणूं लागले. अशा रीतीनें कारागिराचें नांव हत्यारास मिळालें आणि कारागीर दृष्टीआड झाला.

आतां या कारागिराची विद्या पाहूं. नृत्याच्या ठिकाणीं एक गाणें संपून दुसरें सुरू होईपर्यंत शांतता पडली, तर नाचणारे थबकतात. म्हणून डीजे दोन तबकडी-यंत्रें शेजारीं शेजारीं ठेवतो व त्यांच्यामध्यें मिक्सर नांवाची पेटी ठेवतो. पहिल्या यंत्रावरील गाणें लोक ऐकत असतात, त्याच वेळीं दुसऱ्या यंत्रावरील गाणें तो एकटाच हेडफोन कानास लावून ऐकतो. दोहोंचा ठेका जुळला कीं हळूच एक गाणें मावळवून दुसरें उगववितो. न्यूयॉर्क शहरीं फ्रान्सिस ग्रासो या तरुणानें १९७० च्या सुमारास ही ठेका जुळविण्याची कला नांवारूपास आणिली. तबकडीखालीं फेल्टची चकती ठेवून, खालचें चाक फिरत असतांच तबकडी बोटानें धरून ठेवावयाची आणि नेमक्या क्षणीं सोडावयाची, अशी त्याची रीत होती.

यांत गणित किती आहे तें विद्यार्थ्यांनीं पाहावें. मोठी तबकडी एका मिनिटांत ३३⅓ फेरे करते, म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. समजा, एका गाण्यांत मिनिटास १२० ठोके आहेत आणि दुसऱ्यांत १२४. दोन्ही गाणीं एकाच क्षणीं सुरू केलीं, तर साडेसात सेकंदांत पहिल्याचे १५ ठोके होतात व दुसऱ्याचे साडेपंधरा. म्हणजे एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडूं लागतो आणि ऐकणाऱ्याचे पाय अडखळतात. तें टाळावयाचें तर पहिल्या तबकडीची गति शेंकडा ३⅓ वाढविली पाहिजे. तेव्हां ती मिनिटास सुमारें ३४.४ फेरे करील. परंतु गति वाढली कीं स्वरही चढतो. पेटीवरील एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत स्वर चढविण्यास गति शेंकडा सुमारें ६ वाढावी लागते. येथें स्वर अर्ध्या पट्टीहून किंचित् अधिक चढेल. इतका फरक कानास खपतो कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ऐकून ठरवावयाचें. जपानांतील टेक्निक्स एसएल-१२०० हें यंत्र १९७२ सालीं निघालें. त्याच्या पुढील सुधारलेल्या आवृत्तींत गति शेंकडा ८ पर्यंत कमीअधिक करणारी सरकती पट्टी बसविली होती. हें यंत्र जगभरच्या डीजे लोकांचें आवडतें हत्यार ठरलें.

ही विद्या केवळ श्रीमंतांच्या नृत्यगृहांत वाढली असें नाहीं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत, सेज्विक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं एका शाळकरी मुलीनें नवीन शालेय वर्षासाठीं कपडे घेतां यावेत म्हणून एक समारंभ योजिला. तिचें नांव सिंडी कॅम्पबेल. मुलींस २५ सेंट व मुलांस ५० सेंट प्रवेशमूल्य होतें. गाणीं वाजविण्याचें काम तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह याजकडे होतें. जमैकाहून आलेला हा तरुण पुढें 'कूल हर्क' या नांवानें प्रसिद्ध झाला. गाण्याच्या मधल्या ज्या तुकड्यांत केवळ ताल वाजतो, तेथें नाचणारे अधिक रंगतात, हें त्यानें हेरलें होतें. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आळीपाळीनें लांबवीत असे. त्याच भागांतील ग्रँडमास्टर फ्लॅश हा विद्युत्-विद्या शिकलेला तरुण. तो तबकडीवर खुणा करी व घड्याळाच्या कांट्याप्रमाणें त्यांवर नजर ठेवून नेमका तुकडा पकडी. हिप-हॉप नांवाच्या संगीताचा उगम या प्रयोगांत झाला.

तथापि आमच्या मनास विशेष भिडली ती डेव्हिड मॅन्कुसो यांची हकीकत. त्यांचा जन्म १९४४ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील यूटिका या गांवीं झाला आणि त्यांचें बालपण अनाथालयांत गेलें. तेथें सिस्टर अॅलिशिया नांवाच्या जोगीण मुलांस एका खोलींत जमवीत, फुगे लावीत व तबकडी-यंत्रावर गाणीं लावून त्यांस आनंद देत. हा मुलगा मोठा झाल्यावर १४ फेब्रुवारी १९७० रोजीं न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे येथील आपल्या राहत्या जागेंत त्यानें मित्रांस निमंत्रण देऊन समारंभ केला. पुढें अशा समारंभांस 'द लॉफ्ट' हें नांव पडलें. तेथें दारूची विक्री नव्हती. निमंत्रितांत काळे, गोरे, गरीब, सधन सर्व प्रकारचे लोक असत, आणि छतास फुगे लाविलेले असत. त्या जोगिणीनें लाविलेल्या फुग्यांची हवा वीस वर्षांनींही गेली नव्हती, असेंच म्हणावेंसें वाटतें.

मॅन्कुसो नवीन तबकड्या मोठ्या चिकाटीनें शोधून काढीत. कॅमेरूनचे गायक मनू दिबांगो यांचें 'सोल माकोसा' हें गाणें त्यांस ब्रुकलिनमधील एका दुकानीं सांपडलें. त्यांनीं तें वाजवितांच लोक तबकडी मागूं लागले आणि शहरांत तिचा तुटवडा पडला. पुढें १९७३ सालीं तें गाणें अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत चढलें. म्हणजे गाण्याचें नशीब काढण्याचें सामर्थ्य डीजेंच्या हातीं आलें होतें.

परंतु त्यांस मान मात्र नव्हता. तबकड्या काढणाऱ्या कंपन्या रेडिओवाल्यांस नमुन्याच्या प्रती घरपोंच पाठवीत, पण नृत्यगृहांतील डीजेंनीं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे, रांगेंत तिष्ठावें, तेव्हां एखादी तबकडी मिळे. ओळखपाळख असलेल्यास मिळे, नवख्यास मिळत नसे. यामुळें एकमेकांत असूया वाढे, आणि जो तो आपल्याजवळील चांगली तबकडी लपवूं लागे. कंपन्यांचीही अडचण होती. मागणारा खरोखर डीजे आहे कीं फुकट तबकडी नेणारा भामटा, हें त्यांस कळत नसे.

यावर १९७५ सालीं मॅन्कुसो, स्टीव्ह डॅक्विस्टो व पॉल कासेला या तिघांनीं एक उपाय काढला. डीजेंची सभा भरली, हेतूचें एक निवेदन लिहिलें गेलें आणि 'न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल' नांवाचें मंडळ स्थापन झालें. मंडळाचें कार्य मॅन्कुसो यांच्या प्रिन्स स्ट्रीटवरील जागेंतून चाले. नियम साधे होते. जो खरोखर डीजेचें काम करतो तोच सभासद. कंपन्यांनीं तबकड्या मंडळाकडे पाठवाव्या, आणि मंडळानें त्या सर्व सभासदांस सारख्या वांटाव्या. प्रसिद्ध डीजेस आधीं व लहान गल्लींतल्यास मागून, असा भेद नाहीं. उलटपक्षीं प्रत्येक सभासदानें आपल्या श्रोत्यांस कोणतें गाणें कितपत रुचलें याचा लेखी अभिप्राय द्यावा. त्या अभिप्रायांचा कंपन्यांस उपयोग होई. ही कल्पना इतकी उपयुक्त ठरली कीं अमेरिकेच्या इतर शहरांतही अशीं मंडळें निघालीं. या मंडळाच्या कचेरीचें काम सांभाळणाऱ्या जूडी वाइनस्टाइन यांनीं पुढें १९७८ मध्यें 'फॉर द रेकॉर्ड' हें स्वतंत्र मंडळ काढलें.

विद्यार्थ्यांनीं या हकीकतींतून मंडळ कसें उभें राहतें तें शिकावें. पहिली गोष्ट, सर्वांची एक खरी अडचण असली पाहिजे. केवळ नांवासाठीं काढलेलीं मंडळें पहिल्या फोटोनंतर झोंपीं जातात. दुसरी, वांटणी समान असली पाहिजे. तिसरी, घेणाऱ्यावर कांहींतरी देण्याचें बंधन असावें. येथें तें अभिप्रायाचें होतें. आणि चौथी, कोणीतरी एकानें निमूटपणें वही लिहावी, पेट्या मोजाव्या, यादी ठेवावी. भाषण करणारे पुष्कळ मिळतात, परंतु मंडळ तगतें तें वही लिहिणाऱ्यामुळें. आपल्याकडेही ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्या रसिकांनीं १९९० सालीं मुंबईंत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापिली. जुनीं गाणीं एकट्याच्या कपाटांत बंद राहण्याऐवजीं अनेकांनीं मिळून ऐकावीं, हाच तिचाही भाव होता.

आतां आमच्या तांबड्या शाईच्या शेऱ्याकडे वळूं, कारण तो सर्वस्वी खोटा होता असेंही नाहीं. आवाजाचें माप डेसिबल. हें माप १० नें वाढलें कीं ध्वनीची शक्ति दसपट होते. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्य-संशोधन संस्थेच्या मतें ८५ डेसिबल आवाजांत दिवसाचे आठ तास काम करतां येतें. पुढें दर ३ डेसिबलांस तो काळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला अवघीं पंधरा मिनिटें! कानाच्या आंतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. भारत सरकारच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि सरकारनें सवलत दिलेले कांहीं दिवस सोडले तर रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास मनाई आहे. श्रोत्यांचे कान थकतील इतका आवाज वाढवूं नये, असा मॅन्कुसो यांचाही कटाक्ष असे. ज्याची उपजीविका कानावर, तो कानाचा वैरी कसा होईल? भिंतीएवढे कर्णे लावून घरांचीं तावदानें हालविणारा मनुष्य या कलेचा उपासक नव्हे.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलानें अनोळखी व्यवसायाचें नांव काढतांच त्यास दटावूं नये. त्यांत अभ्यास कोणता, श्रम किती, धोका कोणता, हें त्याच्यासह बसून पाहावें. आणि ज्या विद्यार्थ्यास या मार्गानें जावयाचें आहे त्यानें आधीं ताल शिकावा, त्रैराशिक शिकावें, आपले व इतरांचे कान जपावे, आणि चांगलें गाणें सांपडलें तर तें लपवूं नये.

शाळा उघडल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्याची जुनी वही मागून घेतली व त्याचा निबंध या खेपेस शेवटपर्यंत वाचला. त्याच्या आजोबांच्या ग्रामोफोनची आणि ट्रंकेंत जपून ठेविलेल्या सोळा तबकड्यांची त्यांत हकीकत होती. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, त्या दाखविल्या. मग आमचा शेरा खोडून त्याखालीं लिहिलें : 'विषय अभ्यासास योग्य. शिक्षकानें घाई केली.'