विजेचा हिशेब

पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठी मांजरी आहे. ऊस आणि द्राक्षे पिकवणारे हे गाव. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 साली इथेच सुरू झाले. 2021 साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आले. विहिरीवरची मोटर, घरातला दिवा, अंघोळीचे पाणी, सगळे विजेवर. भाजी विकताना आपण पैशापैशाचा हिशेब करतो. मग विजेचा का करू नये? त्याला गुणाकार आणि भागाकार आले की पुरे.

दाब, प्रवाह आणि रोध

पाण्याची टाकी उंचावर असली की नळाला पाणी जोरात येते. विजेलाही असा जोर असतो. त्याला दाब म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरी 230 व्होल्टची वीज येते.

तारेतून किती वीज वाहते, तो प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात.

नळी बारीक असली की पाणी अडते. तार बारीक असली की वीज अडते. या अडवण्याला रोध म्हणतात. जर्मनीत ओहम नावाचे शिक्षक होते. त्यांनी 1827 साली याचा नियम मांडला. म्हणून रोध ओहममध्ये मोजतात.

आता दोन सूत्रे पाठ करू:

दाब भागिले प्रवाह = रोध
दाब गुणिले प्रवाह = शक्ती

शक्ती वॅटमध्ये मोजतात.

हिशेब करून पाहू

पाणी तापवायची एक कांडी आहे. वायरमनने मोजले, तर ती 5 अँपिअर वीज घेते.

रोध: 230 ÷ 5 = 46 ओहम.
शक्ती: 230 × 5 = 1150 वॅट.

1000 वॅट एक तास चालले की 1 युनिट होते. ही कांडी रोज एक तास लावली, तर 30 दिवसांत साडेचौतीस युनिट झाले. आता बिल आले की ताडून पाहता येईल.

प्लग का जळतो?

शेगडीवर 2000 वॅट लिहिले आहे. 2000 ला 230 ने भागा. प्रवाह सुमारे 8.7 अँपिअर येतो. घरातला लहान प्लग 6 अँपिअरचा असतो. त्यात ही शेगडी लावली, तर प्लग तापतो, वितळतो. कधी घरालाही आग लागते. अशी शेगडी 16 अँपिअरच्या मोठ्या प्लगलाच लावावी.

दाब उतरला तर?

समजा, दाब निम्मा झाला. 115 व्होल्ट राहिला. कांडीचा रोध तोच, 46. मग प्रवाह अडीच अँपिअर. शक्ती 115 × 2.5, म्हणजे फक्त 287.5 वॅट. दाब निम्मा, पण शक्ती पावच! पाणी लवकर तापेल कसे?

मोटरीचे मात्र उलटे असते, बरं का. तिचा हिशेब या सूत्रांनी पुरता होत नाही. ओझे तेच राहिले आणि दाब उतरला, की ती जास्त प्रवाह ओढते. आतली तार तापते आणि मोटर जळते. ऐन पाण्याच्या पाळीला मोटर जळाली, तर उभे पीक सुकते. म्हणून दाब फार उतरला की मोटर बंद ठेवावी.

आणि एक लक्षात ठेवू. हिशेब आपण करावा. उघड्या तारेला हात लावू नये. मोजमाप वायरमननेच करावे.

सोडवा

एक इस्त्री 230 व्होल्टवर 2 अँपिअर वीज घेते.
1. तिचा रोध किती?
2. तिची शक्ती किती?

उत्तरे: 115 ओहम, 460 वॅट.