मुळाभोवतीची काही मिलिमीटर माती

मूळ म्हणजे जमिनीतील पाणी वर ओढणारी नळी, अशी आपली शालेय समजूत असते. ती अपुरी आहे. मूळ जमिनीकडून घेते तसे जमिनीला देतेही, आणि या देवघेवीमुळे त्याच्या सभोवतालच्या अवघ्या काही मिलिमीटर मातीचे रसायन उरलेल्या शेताहून निराळे होते. जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये या पट्ट्यास ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले. आपण त्यास मूलपरिसर म्हणू. जमीन विषारी धातूंनी दूषित झाली असेल, तर ते धातू मातीतच पडून राहतील की आपल्या ताटापर्यंत पोहोचतील, याचा बराचसा निर्णय या पट्ट्यात होतो.

जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या खोऱ्याने हा निर्णय फार मोठी किंमत देऊन अनुभवला. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कामिओका येथील खाणीतून जस्ताबरोबर निघणारे कॅडमियम नदीत उतरले, पाटाच्या पाण्याने भातखाचरांत आले आणि तेथून तांदळात. हा भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, हाडे मऊ पडून मोडू लागली. रुग्णांत बहुसंख्य उतारवयाच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या. रोगाचे नाव त्यांच्या कण्हण्यातूनच पडले : ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. जपान सरकारने १९६८ मध्ये तो प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्य केला.

खाचरात पाणी उभे असताना चिखलात हवा उरत नाही. तेथील जिवाणू सल्फेटचे रूपांतर सल्फाइडमध्ये करतात, आणि त्याच्याशी संयोग पावून कॅडमियम जवळजवळ न विरघळणाऱ्या रूपात बद्ध होते. कापणीपूर्वी पाणी काढून टाकले, की हवा आत शिरते, सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते, आम्लता वाढते आणि बद्ध कॅडमियम मोकळे होते. मातीतील कॅडमियमचे एकूण प्रमाण बदललेले नसते. बदलते ते त्याचे रूप.

भाताचे मूळ या खेळात स्वतःही उतरते. त्याच्या आतील पोकळ्यांतून पानांकडील प्राणवायू खाली येतो आणि थोडा बाहेर झिरपतो. त्यामुळे निर्वात चिखलातही मुळाभोवती हवेशीर कडे तयार होते व विरघळलेले लोह गंजासारखे मुळावर बसते. भाताचे रोप उपटून धुतल्यावर मुळांवर जो तांबूस-तपकिरी थर अनेकदा दिसतो, तो हाच. काही धातू त्यात अडकूनही राहतात.

आम्लतेचे कामही मूळ करते. अमोनियमसारखे धनभारित आयन अधिक शोषताना ते भार समतोल राखण्यासाठी हायड्रोजन आयन बाहेर टाकते; नायट्रेट शोषताना बहुधा उलट घडते. सामू एका अंकाने उतरला, तर आम्लता दहापट वाढते आणि कॅडमियम, जस्त यांसारखे धातू अधिक विरघळतात. हे डोळ्यांनी पाहता येते. ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक मिसळलेल्या अगरच्या (वाण्याकडे ‘चायना ग्रास’ म्हणून मिळते तेच) जेलीत मूळ ठेवले, तर आम्ल सोडणाऱ्या भागाभोवती जांभळा रंग पिवळा होत जातो. म्हणूनच खत कोणते दिले, हा प्रश्न दूषित जमिनीत केवळ उत्पन्नाचा राहत नाही.

मग मूळ विष ओळखत नाही काय? फारसे नाही. मँगेनीज आत घेण्यासाठी भाताच्या मुळात एक वाहक प्रथिन असते. कॅडमियमही त्याच दाराने आत जाते. जपानी संशोधकांनी कोशिहिकारी या वाणाच्या बियाण्यांवर कार्बन आयनांचा मारा करून हे दार बिघडलेली रोपे शोधली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात अशा रोपांच्या दाण्यांत कॅडमियम जवळजवळ आढळलेच नाही.

जुना उपाय पाण्याचाच आहे : लोंबी बाहेर पडण्यापूर्वी आणि नंतर सुमारे तीन-तीन आठवडे खाचर भरलेले ठेवणे. मात्र जेथे आर्सेनिकही आहे, तेथे हाच उपाय उलटतो. पाणी उभे राहिल्याने मातीतील लोहाचे गंजासारखे कण विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशाच्या अनेक भागांत सिंचनाच्या भूजलातूनच आर्सेनिक शेतात येते. तेथे खाचर अधूनमधून सुकू देणेच हिताचे ठरते. दोन्ही विषे एकत्र असलेल्या शेतात पाणी किती दिवस ठेवावे, हे त्या मातीची तपासणी करूनच ठरवावे लागते.