किट शून्य सांगतं, तरी शेवाळ कसं?

प्रश्न : आमच्याकडे 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. क्लाउनफिशची जोडी आणि थोडे मऊ प्रवाळ. उन्हाळा लागला की खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ माजतं. टेस्ट किटमध्ये नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य येतात, पाणीही घरच्या आरओचं घालतो. शेवाळ जगतं तरी कशावर?
— एक वाचक, खमरिया, जबलपूर

उत्तर : किट मोजतं ते पाण्यात उरलेलं. शेवाळाने आधीच शोषून घेतलेलं त्याला कळणार कसं? तुमचं नायट्रेट-फॉस्फेट त्या हिरव्या झुपक्यांतच आहे. शिवाय खडक चुनखडीचा. तो फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं घटलं की हळूहळू सोडत राहतो.

तुम्ही 'उन्हाळा लागला की' म्हणता, तिथेच मूळ आहे. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, टाकीवर पंखा लावावा लागतो आणि दिवसाला 4 लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं, कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो तसं. रोज 4 लिटरची भर म्हणजे 50 दिवसांत अख्ख्या टाकीइतकं पाणी वरून ओतलं गेलं. घरचे बरेच आरओ चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात. तुमच्या आरओच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवून पाहा. 50-100 आकडा आला तर नवल नाही. टाकीला तो शून्य हवा. त्यासाठी आरओची मिसळणारी कळ बंद करा आणि पुढे डीआय रेझिनचं नळकांडं जोडा. भर गोड्या पाण्याचीच घाला, मिठाची नको.

आहे ते शेवाळ हातानेच उपटावं लागेल. सायफनची नळी दुसऱ्या हातात तिथेच धरा, म्हणजे तुटलेले तंतू टाकीभर पसरणार नाहीत. फ्रोझन खाद्य वितळलं की त्याचं पाणी गाळून फेकून द्या; त्यात फॉस्फेट असतं. दिवे आठ तास पुरेत. शेवाळनाशक औषधाच्या वाटेला जाऊ नका. तांबं असलेलं औषध शंख आणि प्रवाळ दोन्ही मारतं.

आणि चरणारे प्राणी हवेतच. 1983 मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा जातीचे लांब काट्यांचे सी-अर्चिन रोगाने पटापट मेले आणि जमैकाचे प्रवाळ शेवाळाखाली गेले. तुमच्या टाकीत चार-सहा शेवाळखाऊ शंख सोडा. दुकानात कुणी समुद्रातून काढलेले कठीण प्रवाळ पुढे केले तर मात्र घेऊ नका. 2001 पासून त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

महिना-दीड महिना धीर धरा, खडकातलं फॉस्फेट निघायला तेवढा वेळ लागतोच. शेवाळ गेल्यावर किट नायट्रेट 5 च्या आसपास दाखवू लागलं तर घाबरू नका, ते प्रवाळांना हवंच असतं. दोन्ही आकडे शून्यावर दाबून ठेवले की डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर येतो, आणि तो काढणं हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी जड जातं.